लाईट वाढली की व्हॉल्व्ह जळतो : जुन्या ॲम्प्लिफायरची दुरुस्ती कोठून सुरू करावी?

मध्यंतरी विजापूर वेशीजवळच्या एका माईकवाल्या बांधवाने निरोप पाठवून आम्हाला बोलावून घेतले. वडिलांच्या वेळचा, दोन ईएल ३४ व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्याने माळ्यावरून खाली काढला होता. लग्ने, उरूस, कव्वालीचे कार्यक्रम, गड्ड्याची जत्रा, सगळीकडे वाजलेला हा सेट. पुण्याच्या एका रेकॉर्ड ऐकणाऱ्या शौकिनाने तो पाहून चांगली किंमत देऊ केली होती. अट एवढीच की सेट चालू स्थितीत हवा. या बांधवाने मुंबईहून नव्या व्हॉल्व्हची जोडी आणून बसवली, ती आठ दिवसांत गेली. दुसरी आणली, तीही गेली. तिसऱ्या जोडीची प्लेट आमच्या डोळ्यांदेखत दहा मिनिटांत लालभडक झाली. ''भाई, हा सेट व्हॉल्व्ह खातो. भंगारात घालू का?'' असा त्याचा प्रश्न होता. भंगारवाला ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याचे पैसे द्यायला तयारच होता.

आम्ही सेट बंद करायला लावला आणि मीटरच्या तारा आधी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घातल्या. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मीटरने २५० व्होल्ट दाखवले. तीन जोड्यांचे पैसे गेले, पण सॉकेट कोणीच तपासला नव्हता.

व्हॉल्व्हचे सेट आता धंद्यातून गेले आहेत, हे खरे. अहुजा, फिलिप्स यांसारख्या कंपन्यांचे जुने सेट मात्र आजही घराघरांत, मशिदींच्या खोल्यांत, माईकवाल्यांच्या माळ्यांवर पडून आहेत, आणि त्यांना पुन्हा गिऱ्हाईक आले आहे. कोणी रेकॉर्ड ऐकण्यासाठी घेतो, कोणी गिटारसाठी. पूर्वी व्हॉल्व्ह सहज मिळत. बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती आणि गावोगावच्या रेडिओ दुकानांत त्यांचे खोके दिसत. आता तो माल जुन्या साठ्यातूनच शोधावा लागतो; नवा माल रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतो. चांगल्या जोडीला काही हजार रुपये पडतात. अशा वेळी 'घालून तर बघू' ही पद्धत परवडत नाही. ज्या कारागिराला मोजून दुरुस्ती करता येते त्याला या कामात आजही रोजी आहे, म्हणूनच हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

लाईट का वाढते?

१९५६ च्या भारतीय वीज नियमांनी कमी दाबाच्या पुरवठ्यात वर-खाली सहा टक्क्यांची मोकळीक ठेवली होती. २३० व्होल्ट धरले तर वरची हद्द २४४ च्या जवळ येते, २४० धरले तर २५४ च्या. म्हणजे सॉकेटमध्ये २५० दिसले की वीज कंपनीची चूकच आहे असे नाही. आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि पूर्व भागात यंत्रमागांचा मोठा भार आहे. माग चालू असले की लाईट खाली बसते. माग थांबले, लोक झोपले, की तीच लाईन वर चढते. ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ ज्याचे दुकान आहे त्याला हा चढ जास्त जाणवतो.

पूर्वी रमजानमध्ये सहरीच्या वेळी सेट चालू करीत. पहाटे तीन-साडेतीनला गावाची लाईट सर्वात चढलेली आणि सेट गार, अशी ती वेळ. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद झाले. पण त्या वर्षांत जळालेल्या कंडेन्सरांची संख्या जुन्या मेकॅनिकांना आठवत असेल. मंडपातल्या जनरेटरचीही तीच गोष्ट. हॅलोजन एकदम बंद केले की क्षणभर व्होल्टेज उसळते आणि सेटच्या माथी बसते.

येथे एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. शेजारच्याने मोटर लावली की आपली लाईट वाढते, बंद केली की उतरते, किंवा एका खोलीत दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीत झगझगीत, असे दिसले तर तो न्यूट्रल सुटल्याचा प्रकार आहे. त्यात घराच्या सॉकेटवर तीनशे-साडेतीनशे व्होल्टही येऊ शकतात. तेथे सेटची दुरुस्ती करीत बसू नये. मेन स्विच बंद करून आधी लाईनमनला बोलवावे.

टाकी आणि नळ

व्हॉल्व्हचे काम समजण्यासाठी पाण्याचे उदाहरण घेऊ. पाण्याच्या प्रेशरबद्दल सोलापूरकराला वेगळे शिकवायला नको. प्लेटवर जे चार-पाचशे व्होल्ट असतात, ज्याला आपण एच.टी. म्हणतो, ती म्हणजे उंचावरची टाकी. ग्रीड म्हणजे नळाची चावी. ग्रीडवर निगेटिव्ह व्होल्टेज देऊन आपण ही चावी बेताची आवळून ठेवतो, त्याला बायस म्हणतात. उणे ३६ व्होल्ट बायस म्हणजे चावी जास्त आवळलेली, उणे ३० म्हणजे ढिली. अनेक नवे कारागीर येथे फसतात. आकडा लहान झाला म्हणून त्यांना वाटते करंट कमी झाला, प्रत्यक्षात तो वाढलेला असतो.

आता टाकी उंच केली आणि चावी तशीच ठेवली तर पाणी जोरात येणारच. व्हॉल्व्हमध्ये हे जास्तीचे पाणी उष्णता होऊन बाहेर पडते. प्लेटवरचे व्होल्ट गुणिले प्लेटचा करंट, एवढे वॅट ती प्लेट पचवते. ईएल ३४ ची मर्यादा २५ वॅट, ईएल ८४ ची १२ वॅट. ही हद्द ओलांडली की प्लेट लाल होते. लाल प्लेट चार-दोन मिनिटे चालू ठेवली तर व्हॉल्व्हचे आयुष्य महिन्यांनी कमी होते, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला तर सेटची किंमतच संपते.

लाईट वाढल्याने फक्त एच.टी. वाढत नाही. सेटचा ट्रान्सफॉर्मर सगळेच त्या प्रमाणात वाढवतो. २३० वर ६.३ व्होल्ट देणारे हीटरचे वाइंडिंग २५० वर ६.८५ देते. हीटर जास्त तापला की कॅथोडवरचा लेप लवकर संपतो. ही दहा टक्क्यांच्या आतली वाढ आहे म्हणून व्हॉल्व्ह लगेच मरत नाही, पण रोजची झाली तर मरतो. म्हणूनच आमचे सांगणे असे की, वाढलेल्या लाईटवर बायस आवळून इलाज होत नाही. प्लेट लाल व्हायची थांबेल, मेकॅनिकला वाटेल काम झाले. पण हीटर तसाच जळत राहील, कंडेन्सरवर ताण तसाच राहील. आधी लाईट जागेवर आणावी, मग एच.टी. पाहावी, आणि बायस सर्वात शेवटी लावावा. हा क्रम उलटा केला की कामही दोनदा करावे लागते.

सेट उघडण्यापूर्वी

व्हॉल्व्हच्या सेटमधले एच.टी. जीव घेऊ शकते. ट्रान्झिस्टरच्या सेटवर हात बसलेल्या मुलांना हे मुद्दाम सांगावे लागते, कारण त्यांनी तीस-चाळीस व्होल्टच्या पुढे हात लावलेला नसतो. प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो. प्लग काढल्यावर दहा किलो ओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टन्स चांगल्या इन्सुलेशनच्या तारांनी कंडेन्सरवर अर्धा मिनिट धरावा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करावी. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची जुनी सवय सोडावी. त्याने कंडेन्सर आणि डोळे दोन्ही जातात. चालू सेटमध्ये मोजताना मीटरची काळी तार क्लिपने चेसिसला लावावी, एकाच हाताने काम करावे आणि दुसरा हात खिशात ठेवावा. भोंगा किंवा योग्य लोड जोडल्याशिवाय सेट चालू करू नये.

बरीच वर्षे बंद असलेला सेट थेट लाईनवर लावू नये. साठ किंवा शंभर वॅटचा पिवळ्या उजेडाचा जुना बल्ब सिरीजमध्ये घ्यावा. एलईडी बल्ब येथे चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक; पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. ज्यांच्याकडे डिमरस्टॅट आहे त्यांचे काम आणखी सोपे. मात्र पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर सेटला कधीही लावू नये. तो लाईटची लाट कापतो, व्होल्टेज सरळ कमी करीत नाही.

त्या सेटमध्ये काय निघाले?

खालचे पत्र्याचे झाकण काढले तर आतल्या बाजूला कंपनीचे सर्किट चिकटवलेले निघाले. असे सर्किट मिळाले तर जपावे, लगेच फोटो काढून ठेवावा. त्यावर एच.टी. ४३० आणि बायस उणे ३६ लिहिले होते. आम्ही मोजले तेव्हा एच.टी. ५०५ निघाले, हीटर ६.८ आणि बायस उणे ३०. प्रत्येक व्हॉल्व्हचा करंट ७० मिलिअँपिअर. गुणाकार करून पाहा, ३५ वॅटच्या पुढे जातो. प्लेट लाल होणारच.

पण फक्त लाईटमुळे ४३० चे ५०५ होत नाहीत. २३० च्या जागी २५० आले तर ४३० चे ४६७ व्हावेत. उरलेले चाळीस व्होल्ट कोठून आले? रेक्टिफायरच्या जागी पाहिले. ५ यू ४ व्हॉल्व्हचा सॉकेट रिकामा होता आणि खाली १ एन ४००७ डायोड टाकलेले होते. ही आपल्याकडची फार जुनी युक्ती. रेक्टिफायर व्हॉल्व्ह मिळेनासा झाला, डायोड काही पैशांत मिळत होता, लग्नाचा कार्यक्रम संध्याकाळी होता. त्या मेकॅनिकला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु ५ यू ४ स्वतःमध्ये चाळीस-पन्नास व्होल्ट सोडतो आणि डायोड जेमतेम एक व्होल्ट. शिवाय ५ यू ४ ला तापायला काही सेकंद लागतात, डायोडला लागत नाहीत. त्यामुळे बाकीचे व्हॉल्व्ह गार असताना, म्हणजे करंट कोणीच घेत नसताना, कंडेन्सरवर साडेपाचशेच्या पुढे दाब येतो. या सेटच्या कंडेन्सरवर ४५० छापलेले होते. एकाचे बूड फुगून आले होते.

बायस उणे ३६ ऐवजी उणे ३० का? खरे तर लाईट वाढली तर बायसही वाढायला हवा, तो त्याच ट्रान्सफॉर्मरवरून येतो. येथे उलटे झाले होते, कारण बायसच्या लाईनचा छोटा कंडेन्सर सुकला होता. म्हणजे तीन वेगवेगळे दोष एकाच वेळी एकाच दिशेने ओढत होते : लाईट चढलेली, डायोड टाकलेले, बायस ढिला. यातला एकच असता तर व्हॉल्व्ह कदाचित तगले असते.

लाईट जागेवर आणणे

पहिली तपासणी ट्रान्सफॉर्मरच्या टॅपची. पुष्कळ जुन्या सेटना मागे २००, २२०, २४० असे सिलेक्टर असतात आणि ते कोणी तरी २२० वर ठेवून विसरलेले असते. २२० च्या टॅपवर २५० दिले तर हीटर ७.१ च्या पुढे जातो. टॅप २४० वर नेला की तोच हीटर साडेसहावर येतो. पैसा खर्च नाही, पाच मिनिटांचे काम.

या सेटला टॅप नव्हता. ट्रान्सफॉर्मर कधी तरी स्थानिक कारागिराने भरून दिलेला, एकच २३० चे वाइंडिंग. अशा वेळी उलट्या फेजचा लहान ट्रान्सफॉर्मर हा सर्वात स्वस्त इलाज आहे. बाजारात ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर कोठेही मिळतो; दोन अँपिअरचा घ्यावा. मधली तार वेगळी करून तिच्यावर पक्के इन्सुलेशन द्यावे. दोन्ही टोकांमध्ये १८ व्होल्ट मिळतात. फ्यूजमधून आलेली फेज या ट्रान्सफॉर्मरच्या २३० च्या एका टोकाला आणि १८ च्या एका टोकाला द्यावी. २३० चे दुसरे टोक न्यूट्रलला. १८ चे दुसरे टोक सेटकडे जाणारी फेज. सेटचा न्यूट्रल सरळ जातो. २५० च्या लाईनवर हे १८ चे वाइंडिंग साडेएकोणीस व्होल्ट देते आणि तेवढे लाईनमधून वजा होतात. सेटला २३० मिळतात.

जोडणी उलटी झाली तर हेच व्होल्ट वजा न होता मिळवले जातात आणि सेटला २७० जातात. म्हणून सेट लावण्यापूर्वी आउटपुटवर साधा बल्ब लावून मीटरने मोजावे. २७० दिसले तर १८ च्या बाजूच्या दोन तारांची अदलाबदल करावी. आणखी एक सावधगिरी : एरवी ९-०-९ ची बाजू हाताने धरण्याची सवय असते, येथे ती बाजू थेट लाईनला जोडलेली आहे. सगळे काम बंद पत्र्याच्या डब्यात, डब्याला अर्थिंग देऊन करावे.

किती व्होल्ट कापायचे हे एका मापावर ठरवू नये. आम्ही त्या बांधवाला चार दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री सॉकेट मोजून कागदावर लिहायला सांगितले. त्याची लाईट २३८ ते २५० च्या दरम्यान फिरत होती, म्हणून १८ व्होल्ट कापणे योग्य ठरले. खाली २१९ आले तरी हीटर सहाच्या जवळ राहतो. ज्यांच्याकडे दिवसा २१० आणि रात्री २५० असते त्यांनी एवढे कापू नये. त्यांनी फक्त एक बाजू घेऊन नऊ व्होल्ट कापावे किंवा चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर घ्यावा. स्वस्तातले रिलेचे स्टॅबिलायझर पुष्कळदा लाईट वाढवण्यासाठीच बनवलेले असतात. ते चढलेली लाईट खाली आणतील असे गृहीत धरू नये, विकत घेतानाच दुकानदाराला विचारावे.

रेक्टिफायर आणि कंडेन्सर

५ यू ४ चे पाच व्होल्टचे वाइंडिंग सेटमध्ये शाबूत होते, म्हणून जुन्या साठ्यातला एक व्हॉल्व्ह आणून परत बसवला आणि डायोड काढले. आमच्या मते हाच सरळ मार्ग. ज्यांचे वाइंडिंग जळालेले आहे त्यांनी डायोड ठेवावेत, पण डायोडनंतर आणि पहिल्या कंडेन्सरच्या अगोदर वायरवाऊंड रेझिस्टन्स घालावा. शंभर मिलिअँपिअरला चाळीस व्होल्ट पाडायचे तर ओहमच्या नियमाने ४०० ओहम येतात. हिशोबाने चार वॅट उष्णता दिसते, पण येथे करंट धक्क्याधक्क्याने जातो आणि मोठ्या आवाजाला वाढतो, म्हणून वीस वॅटचा घालावा आणि कंडेन्सरपासून दूर ठेवावा. डायोडही एकावर एक दोन सिरीजमध्ये असावेत. पाचशेच्या घरातल्या सेटला प्रत्येक बाजूला एकच १ एन ४००७ कमी पडतो.

फिल्टर कंडेन्सर पाचशे व्होल्टचे घेतले. न मिळाल्यास साडेतीनशेचे दोन सिरीजमध्ये, प्रत्येकावर २२० किलो ओहमचा दोन वॅटचा रेझिस्टन्स टाकून चालतात. सिरीजमध्ये मायक्रोफॅरड निम्मे होतात हे विसरू नये. व्हॉल्व्ह रेक्टिफायरपुढे पहिला कंडेन्सर ४० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा घालू नये. हल्ली शंभरचा कंडेन्सरही स्वस्त मिळतो आणि हम कमी होईल म्हणून घालण्याचा मोह होतो, त्याने ५ यू ४ जातो.

आता बायस

बायसच्या लाईनमध्ये कंडेन्सरची पॉझिटिव्ह बाजू चेसिसला जाते. सगळ्या सेटमध्ये निगेटिव्ह चेसिसला असते म्हणून हात आपोआप उलटा लावतो आणि कंडेन्सर फुटतो. आमच्याकडूनही एकदा हे झालेले आहे.

नवा कंडेन्सर टाकून बायस लावण्यापूर्वी कपलिंग कंडेन्सर तपासले पाहिजेत. जुने कागदी कंडेन्सर गळतात आणि मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचे पॉझिटिव्ह व्होल्ट ग्रीडवर सोडतात. पॉवर व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढावेत, सेट चालू करावा आणि सॉकेटच्या ग्रीडच्या पिनवर मोजावे. बायसच्या लाईनवर आहे तेवढेच निगेटिव्ह तेथे दिसले पाहिजे. एका बाजूला चार-पाच व्होल्ट कमी दिसले तर तो कंडेन्सर गळका आहे. या सेटमध्ये दोन्हींत थोडी गळती होती, दोन्ही बदलले. गळका कंडेन्सर ठेवून बायस लावला तर तासाभरात सेट तापल्यावर तो पुन्हा सरकतो.

प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडमध्ये एक ओहमचा रेझिस्टन्स घातला. त्यावर एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. वीस-बावीस वर्षांचा मुलगाही चुकू शकणार नाही इतके सोपे. या मापात स्क्रीनचा थोडा करंटही येतो, पण ती चूक सुरक्षित बाजूची आहे.

अशा पुश-पुल सेटमध्ये आवाज नसताना व्हॉल्व्हला त्याच्या मर्यादेच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच तापू द्यावे असा कारागिरांचा दंडक आहे. ईएल ३४ चे सत्तर टक्के म्हणजे साडेसतरा वॅट. ४३० व्होल्टने भागले तर ४० मिलिअँपिअर. हेच जर एच.टी. ४६७ असते तर ३७ च घेता आले असते. म्हणून दुसऱ्याच्या सेटचा आकडा आपल्या सेटला लावू नये, आपले एच.टी. मोजावे आणि भागाकार करावा.

आम्ही बायस प्रथम पूर्ण निगेटिव्ह ठेवला, मग व्हॉल्व्ह बसवले आणि सावकाश ढिला करीत ४० वर आणला. करंट वाढला की एच.टी. थोडे खाली येते, म्हणून दोन्ही दोनदा मोजावे. शेवटी ४३२ व्होल्ट आणि दोन्ही व्हॉल्व्हना ४०-४० मिलिअँपिअर, म्हणजे सव्वासतरा वॅट.

बायसच्या प्रीसेटबद्दल एक गोष्ट. जुन्या प्रीसेटचा सरकणारा पत्रा झिजून सुटला तर ग्रीडचे निगेटिव्ह एकदम नाहीसे होते आणि व्हॉल्व्ह क्षणात जातो. सरकणाऱ्या टोकापासून निगेटिव्ह टोकापर्यंत एक कायमचा रेझिस्टन्स जोडला तर प्रीसेट तुटल्यावर बायस वाढतो, कमी होत नाही. आवाज बारीक आणि फाटका येईल, पण व्हॉल्व्ह वाचतील. दोन रुपयांच्या या वस्तूने हजारोंचे नुकसान टळते.

लहान सेटचे काय?

ईएल ८४ चे लहान सेट आणि रेडिओ यांत वेगळी बायस लाईन नसते. कॅथोडच्या रेझिस्टन्सवर जे व्होल्ट पडतात तेच बायसचे काम करतात. असे सेट स्वतःला थोडे सावरून घेतात, म्हणून ते जास्त टिकले. तरी मोजावे. २७० ओहमवर साडेतेरा व्होल्ट पडत असतील तर करंट ५० मिलिअँपिअर. त्यातले पाच स्क्रीनचे वजा करा, ४५ राहिले. प्लेट आणि कॅथोडमध्ये २९० व्होल्ट असतील तर तेरा वॅट झाले, आणि मर्यादा बारा. येथेही आधी लाईट उतरवून पाहावी. त्यानंतरही बाराच्या वर असेल तरच २७० च्या जागी ३३० ओहम घालावेत.

कामाचा मोबदला

अशा दुरुस्तीत सामान फार लागत नाही, वेळ लागतो. गिऱ्हाईक विचारते, ''एक ट्रान्सफॉर्मर आणि चार कंडेन्सर, त्याचे इतके पैसे?'' आमची सूचना अशी की कारागिराने दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची मापे एका कागदावर लिहून तो कागद झाकणाच्या आत चिकटवावा आणि त्याची प्रत गिऱ्हाइकाला द्यावी. पैसे कशाचे घेतले हे त्याला दिसते आणि पुढच्या मेकॅनिकलाही उपयोग होतो. सेट विकताना हा कागद आणखी कामाचा. मालातला ऐब सांगून माल विकावा ही आपल्याकडची व्यापाराची शर्तच आहे. ट्रान्सफॉर्मर भरलेला आहे, सेट २५० च्या लाईनवर थेट लावू नये, हे खरेदीदाराला सांगितलेच पाहिजे. पुण्याच्या त्या शौकिनाला हे सगळे फोनवर सांगितले. त्याने किंमत कमी केली नाही, फक्त डबाही सोबत मागितला.

सेट नेण्यापूर्वी आम्ही तो सलग तीन तास चालवून पाहिला. पहिल्या तासाअखेर एका बाजूचा करंट ४० वरून ४३ वर गेला होता, तो पुन्हा ४० वर आणला. नंतर हलला नाही. नवी जोडी बसवल्यावर पहिल्या आठवड्यात असे थोडेफार सरकते, म्हणून आठ दिवसांनी, शक्यतो रात्री अकरानंतर लाईट चढलेली असताना, एकदा पुन्हा मोजायला सांगितले आहे.